धुतल्याने न जाणारा धातू

पालकाची जुडी वाहत्या पाण्यात दोन-तीनदा खळबळून धुतली, की तिच्यावरचे शिसे बरेचसे निघून जाते. कॅडमियम मात्र जवळजवळ तेवढेच राहते. दोन्ही जड धातू एकाच शेतातले, एकाच मातीतले. शिवाय साध्या, कुठल्याही कारखान्यापासून दूर असलेल्या जमिनीतही शिसे कॅडमियमच्या कित्येक पट असते. किलोभर मातीत शिसे दहा-वीस मिलिग्रॅम सहज सापडते, तर कॅडमियम बहुधा अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षाही कमी. तरीही मातीतल्या साठ्याच्या मानाने पाहिले, तर पानाच्या आत पोहोचण्यात कॅडमियम शिशाच्या फार पुढे आहे.

असे का, याचे उत्तर धातूच्या विषारीपणात नाही. ते मातीत, मुळांत आणि वनस्पतीच्या खाण्याच्या सवयींत आहे.

साठा वेगळा, उपलब्धता वेगळी

शिसे, कॅडमियम, पारा, क्रोमियम, निकेल, तांबे, जस्त हे सारे जड धातूंत मोडतात. अर्सेनिक काटेकोरपणे धातू नाही, पण त्याचे वागणे आणि धोका पाहून त्यालाही याच पंक्तीत बसवतात. यांतले जस्त आणि तांबे पिकाला आणि माणसाला थोड्या प्रमाणात हवेच असतात. कॅडमियम, शिसे आणि पारा यांचा मात्र माणसाच्या शरीरात काहीही उपयोग नाही.

कीटकनाशकाचा अंश काळाबरोबर मोडतो, त्याचे रेणू तुटतात. धातू हे मूलद्रव्य असल्यामुळे त्याचे असे काही होत नाही. शेतात आलेला धातू झिरपून खाली जातो, धुपीबरोबर वाहून जातो, पिकातून बाहेर पडतो किंवा तिथेच राहतो. बहुतेक वेळा तो तिथेच राहतो.

पण राहण्याचेही प्रकार आहेत. मातीतल्या धातूचा हिशेब बँकेतल्या पैशासारखा असतो: बराचसा भाग मुदत ठेवीत अडकलेला आणि थोडासाच चालू खात्यात. ठेवीतला धातू खनिजांच्या स्फटिकांत, लोहाच्या ऑक्साइडांवर, चुनखडीत किंवा सेंद्रिय पदार्थात घट्ट धरलेला असतो. मातीच्या कणांमधल्या पाण्यात विरघळलेला जो अंश असतो, तेवढाच मुळाला काढता येतो. शिशाचा जवळजवळ सगळा साठा ठेवीत असतो. फॉस्फेट, सेंद्रिय पदार्थ, लोहाची ऑक्साइडे असे जे भेटेल त्याला ते चिकटून बसते. कॅडमियमची पकड सैल असते, म्हणून थोड्याशा निमित्ताने ते पाण्यात उतरते.

हे निमित्त बहुतेकदा सामूचे असते. सामू म्हणजे जमिनीच्या आम्लतेचे माप; ७ च्या खाली जमीन आम्लधर्मी, वर विम्लधर्मी. मातीच्या बारीक कणांवर ऋण विद्युतभार असतो आणि धातूंचे धनभारित कण त्यांवर चिकटतात. सामू उतरला, की हायड्रोजनच्या कणांची गर्दी होते आणि ते धातूला त्याच्या जागेवरून उठवतात. सामू एका अंकाने उतरणे म्हणजे ही गर्दी दहापट होणे. त्यामुळे किलोला एक मिलिग्रॅम कॅडमियम असलेल्या दोन शेतांत एकाची भाजी निर्धोक आणि दुसऱ्याची नको तेवढी दूषित निघू शकते.

महाराष्ट्रात हा फरक नकाशावरच दिसतो. दख्खनच्या काळ्या जमिनीचा सामू सहसा ७.५ ते ८.५ असतो, तिच्यात चुनखडी असते आणि तिची चिकणमाती धातू धरून ठेवण्यात तरबेज असते. कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी असते. तिच्यातल्या लोहाच्या ऑक्साइडांमुळे शिसे आणि अर्सेनिक बऱ्यापैकी अडकते, पण कॅडमियमला ती तशी रोखत नाही. म्हणून एका ठिकाणच्या जमिनीचे आकडे दुसरीकडे लावून ‘आपल्याकडे काळजीचे कारण नाही’ असे म्हणण्यात अर्थ नसतो.

काळ्या मातीच्या भरवशालाही एक अपवाद आहे. पाण्याचा अतिवापर होऊन जमीन क्षारपड झाली, की मातीत क्लोराइड वाढते. क्लोराइड कॅडमियमशी जोडी जमवते आणि ही जोडी पाण्यात सहज विरघळते. दक्षिण ऑस्ट्रेलियात बटाट्यांत कॅडमियम जास्त का येते याचा शोध घेताना सिंचनाच्या पाण्याची क्षारता हे मोठे कारण ठरले. एकूण कॅडमियम आणि सामू यांवरून जो अंदाज बांधता येत नव्हता, तो पाण्यातल्या क्लोराइडवरून बांधता आला. सांगली-कोल्हापूरच्या उसाच्या पट्ट्यातल्या क्षारपड जमिनींची चर्चा नेहमी उत्पादन घटण्यापुरती होते. तिथे सांडपाणीही वापरले जात असेल, तर ही दुसरी बाजूही पाहावी लागेल.

मुळाच्या पेशीत चुकीचा प्रवेश

मूळ पाण्याबरोबर येणारे सगळेच आत घेत नाही. मुळाच्या पेशींच्या आवरणावर ठरावीक पोषकद्रव्ये आत ओढणारी प्रथिने असतात. लोह, जस्त, मँगेनीज, फॉस्फेट यांसाठी वेगवेगळी प्रथिने असतात. पण ती ओळख पटवतात ती कणाच्या आकारावरून आणि विद्युतभारावरून. इथेच चूक होते.

कॅडमियम हे आवर्तसारणीत जस्ताच्या बरोबर खाली आहे, त्याचा विद्युतभार तेवढाच आणि वागणेही बरेच सारखे. त्यामुळे जस्त आणि लोह ओढणारी प्रथिने त्यालाही आत घेतात. भातात मँगेनीज आत आणणारे ‘एनरॅम्प-५’ नावाचे प्रथिन कॅडमियमचे मुख्य प्रवेशद्वार आहे. अर्सेनिकची एक जात फॉस्फेटच्या वाटेने शिरते, दुसरी सिलिकाच्या. सहा-संयुजी क्रोमियम सल्फेटच्या वाटेने जाते. शिशाला मात्र अशी सोयीची वाट सहसा मिळत नाही. जे थोडे आत जाते तेही मुळाच्या पेशीभित्तिकांतच अडकून पडते.

म्हणजे पालकावरचे शिसे बहुतांशी जमिनीतून वर चढलेले नसते. ते पानावर बसलेली धूळ आणि पावसाच्या थेंबांनी उडालेली माती यांतून आलेले असते. म्हणूनच ते धुतले जाते. कॅडमियम पानाच्या पेशींच्या आत असल्यामुळे पाणी त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

पिकापिकातला फरकही याच प्रवासाने ठरतो. पाणी मुळाकडून पानाकडे वाहते आणि पानातून वाफ होऊन उडते. पाण्याबरोबर आलेला धातू मागे राहतो. त्यामुळे पालक, माठ, मेथी, लेट्यूस यांच्या पानांत कॅडमियम साठते. मुळा, गाजर यांसारख्या कंदमुळांतही ते बऱ्यापैकी असते. फळ आणि दाणा यांना अन्न दुसऱ्या नलिकांतून, पानाकडून पोहोचते, त्यामुळे टोमॅटो, वांगी, काकडी यांत आणि कडधान्यांत ते सहसा कमी भरते. तंबाखूचे पान कॅडमियम साठवण्यात भाज्यांनाही मागे टाकते. धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात ते न करणाऱ्यांपेक्षा जास्त आढळते ते यामुळेच.

पीक इशारा का देत नाही

जमीन दूषित असेल तर पीक पिवळे पडेल, खुरटेल, तेव्हा शेतकऱ्याला कळेलच, अशी एक समजूत असते. काही धातूंच्या बाबतीत ती खरीही आहे. जस्त, तांबे, निकेल प्रमाणाबाहेर गेले, की माणसाला अपाय होण्याइतका धातू पानात जमण्याआधी पीकच मान टाकते. शिसे, पारा आणि तीन-संयुजी क्रोमियम मुळापाशीच थांबतात. या दुहेरी अडथळ्याची कल्पना अमेरिकी मृदाशास्त्रज्ञ रूफस चेनी यांनी १९८० मध्ये मांडली आणि ती आजही उपयोगी पडते.

कॅडमियम या दोन्ही अडथळ्यांतून निसटते. ते मुळाशी थांबत नाही आणि माणसाला घातक ठरेल एवढे साठूनही पीक आजारी दिसेलच असे नाही. हिरवागार, तजेलदार पालक हा दूषित नसल्याचा पुरावा ठरत नाही. जड धातूंच्या या सगळ्या विषयात कॅडमियमला एवढी जागा द्यावी लागते ती त्याच्या या एका गुणामुळे.

जिंझू नदीचे खोरे

जपानमधल्या तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या काठी भातशेती करणाऱ्या कुटुंबांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक विचित्र दुखणे पसरले. रुग्ण बहुतेक स्त्रिया होत्या, पाळी थांबलेल्या आणि अनेक बाळंतपणे झालेल्या. आधी कंबर आणि सांधे दुखत, मग चालणे डुगडुगते होई, पुढे हाडे इतकी मऊ पडत की नुसत्या खोकल्याने बरगडी मोडे. वेदनेने रुग्ण जे ओरडत, त्यावरूनच दुखण्याला ‘इताई-इताई’ हे नाव पडले.

नदीच्या वरच्या अंगाला, शेजारच्या गिफू प्रांतात, मित्सुई कंपनीची कामिओकाची खाण होती. तिथे जस्त आणि शिसे काढले जाई. जस्ताच्या खनिजात कॅडमियम नेहमीच थोडे मिसळलेले असते आणि खाणीतला टाकाऊ गाळ नदीत जात होता. खाली तेच पाणी पाटांनी भातखाचरांत येई. ज्या तोंडातून पाणी खाचरात शिरे, तिथे गाळ सगळ्यात जास्त बसे आणि कॅडमियमही तिथेच सर्वाधिक सापडले.

स्थानिक डॉक्टर नोबोरू हागिनो यांनी दुखण्याचे मूळ खाणीत असल्याचे लावून धरले. १९६८ मध्ये जपान सरकारने इताई-इताई हा प्रदूषणजन्य आजार असल्याचे मान्य केले. त्याच वर्षी रुग्णांनी कंपनीवर दावा लावला. १९७१ मध्ये ते जिंकले आणि १९७२ मध्ये वरच्या न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. अधिकृत मान्यता मिळालेल्या रुग्णांची संख्या सुमारे २०० आहे.

शरीरात घडते ते असे. आतड्यातून शोषलेले कॅडमियम यकृतात एका प्रथिनाशी बांधले जाते आणि शेवटी मूत्रपिंडात जाऊन साठते. तिथला त्याचा साठा दहा ते तीस वर्षांत जेमतेम निम्मा होतो, इतका तो चिवट. साठा वाढला, की मूत्रपिंडाच्या ज्या नलिका उपयोगी द्रव्ये लघवीतून परत खेचून घेतात, त्या निकामी होतात. कॅल्शियम आणि फॉस्फेट बाहेर जाऊ लागते, ड जीवनसत्त्वाचे कार्यक्षम रूप बनणे मंदावते आणि हाडे पोकळ होत जातात.

स्त्रियांनाच हे जास्त का झाले? शरीरात लोह कमी असले, की आतड्यातली लोह शोषणारी प्रथिने वाढतात आणि त्याच वाटेने कॅडमियमही जास्त शिरते, म्हणजे मुळाशी घडणारी चूक आतड्यातही घडते. बाळंतपणांनी कॅल्शियम आणि लोह दोन्ही झिजलेले असते. हे भारतात विसरून चालत नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. एकाच घरात, एकाच ताटातली भाजी खाऊन स्त्रीच्या शरीरात पुरुषापेक्षा जास्त कॅडमियम जाऊ शकते.

भाताच्या पाण्याचा पेच

भाताच्या खाचरात पाणी भरलेले असले, की मातीत हवा राहत नाही. अशा स्थितीत गंधकाचे सल्फाइड बनते, कॅडमियम त्याच्याशी जुळून अविद्राव्य होते आणि भाताला ते घेता येत नाही. दाणा भरण्याच्या सुमारास पाणी काढून टाकले, की वाफसा येतो, हवा आत शिरते, सल्फाइडचे विघटन होते आणि कॅडमियम मोकळे होते, तेही नेमके दाणा भरत असताना. मग पाणी शेवटपर्यंत ठेवावे, हा उपाय सरळ दिसतो.

अर्सेनिकच्या बाबतीत हे सगळे उलटे चालते. पाणी साचून हवा संपली, की लोहाची ऑक्साइडे विरघळतात आणि त्यांनी धरून ठेवलेले अर्सेनिक सुटते. पाणी उतरले, की ते पुन्हा बांधले जाते. पश्चिम बंगाल आणि बांगलादेशात हिमालयातून आलेल्या गाळामुळे भूजलातच अर्सेनिक आहे, त्या पाण्यावर उन्हाळी भात पिकतो आणि खाचर भरलेले ठेवले तर अर्सेनिक वाढते. दोन्ही धातू असलेल्या जमिनीत शेतकऱ्याने पाणी ठेवावे की काढावे, याला एकच उत्तर नाही.

या पेचातून जपानी शास्त्रज्ञांनी वेगळी वाट काढली. कार्बनच्या कणांचा मारा करून त्यांनी कोशिहिकारी या लोकप्रिय भाताचे असे वाण मिळवले, की ज्यात एनरॅम्प-५ निकामी झालेले असते. २०१२ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. या भाताच्या दाण्यात कॅडमियम जवळजवळ येतच नाही, आणि मग अर्सेनिक रोखण्यासाठी पाणी काढायलाही हरकत राहत नाही.

धातू शेतात येतात कुठून

खाण हे सर्वांत ठसठशीत उदाहरण, पण एकमेव नाही. चीन सरकारने २०१४ मध्ये जाहीर केलेल्या देशव्यापी पाहणीत शेतजमिनींचे १९.४ टक्के नमुने प्रदूषणाच्या मर्यादेबाहेर निघाले, आणि त्यात आघाडीवर कॅडमियम होते.

भारतातल्या शहरांभोवती मुख्य वाहक आहे सांडपाणी. त्यात नत्र-स्फुरद असते, ते बारमाही असते आणि फुकट असते, त्यामुळे भाजीवाल्या शेतकऱ्याने ते वापरणे हा मूर्खपणा नसून व्यवहार आहे. त्यात मुलामा देणारे, रंगाचे, बॅटरीचे छोटे कारखाने आपले पाणी सोडतात तेव्हा गणित बिघडते. कानपूरजवळच्या जाजमऊ भागात चर्मोद्योगाचा अंश असलेले पाणी शेतीला दिले गेले आणि तिथल्या मातीत क्रोमियम साठले. मुंबईत उपनगरी रेल्वेच्या रुळांलगतच्या पालक-माठाची चर्चा अधूनमधून होते, कारण ती शेती गाडीतून सगळ्यांना दिसते. पण प्रश्न रुळांपेक्षा त्या भाजीला दिलेल्या नाल्याच्या पाण्याचा असतो, आणि तसेच पाणी घेणारी, कोणाच्याच नजरेस न पडणारी शेते शहरांच्या कडेने पुष्कळ आहेत.

रस्त्यालगतच्या मातीत जुन्या काळचे शिसे आहे. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० च्या फेब्रुवारीपासून पूर्ण बंद झाले, तरी त्याआधी पडलेले शिसे वरच्या थरातच बसून आहे. शहरी कचऱ्याचे खतही तपासून घ्यावे लागते. खत नियंत्रण आदेशात त्यासाठी किलोला कॅडमियम ५ आणि शिसे १०० मिलिग्रॅमची कमाल मर्यादा आहे.

स्फुरदाच्या खतातून येणारे कॅडमियम हे सर्वांत संथ आणि सर्वांत सार्वत्रिक. ते फॉस्फेटच्या खडकातच असते; मोरोक्कोसारख्या गाळाच्या खडकांत जास्त, रशियातल्या अग्निजन्य खडकांत अत्यल्प. युरोपीय संघाने २०२२ पासून स्फुरदाच्या प्रत्येक किलोमागे ६० मिलिग्रॅम ही मर्यादा लागू केली आहे.

चौकट: तीन हिशेब

*खतातून किती?* युरोपीय मर्यादेइतके कॅडमियम असलेल्या खतातून हेक्टरी ५० किलो स्फुरद दिले, तर वर्षाला ३ ग्रॅम कॅडमियम शेतात पडते. वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन सुमारे २० लाख किलो धरले, तर १०० वर्षांत किलोमागे ०.१५ मिलिग्रॅमची भर पडते.

*पिकातून किती निघते?* किलोला १ मिलिग्रॅम कॅडमियम असलेल्या एक हेक्टर थरात एकूण २ किलो कॅडमियम असते. पालेभाजीचे २० टन पीक किलोला ०.२ मिलिग्रॅमच्या हिशेबाने ४ ग्रॅम घेऊन जाते. या गतीने जमीन रिकामी व्हायला ५०० पिके लागतील.

*ताटात किती?* पालेभाजीसाठी आंतरराष्ट्रीय कोडेक्स आयोगाची मर्यादा किलोला ०.२ मिलिग्रॅम आहे. अशी मर्यादेवरची भाजी रोज २०० ग्रॅम खाल्ली, तर महिन्याला १.२ मिलिग्रॅम कॅडमियम पोटात जाते. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने ५० किलो वजनाच्या माणसाला महिन्याला सोसेल असे मानलेले प्रमाण १.२५ मिलिग्रॅम आहे, आणि त्यात भात, गहू सगळे आले.

स्वयंपाकघरात काय साधते

भाजी नीट धुणे, कोबीची बाहेरची पाने काढणे, गाजर-मुळा सोलणे याने मातीबरोबर आलेले शिसे चांगले कमी होते. लहान मुले पोटात गेलेल्या शिशाचा मोठा भाग शोषून घेतात, प्रौढांपेक्षा कितीतरी जास्त. आणि शिशाचे निर्धोक प्रमाण सांगता येत नाही म्हणून त्याच आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने २०१० मध्ये त्याची जुनी मर्यादाच मागे घेतली. तेव्हा धुण्याला कमी लेखू नये. भरपूर पाण्यात भात शिजवून पेज काढून टाकण्याची, म्हणजे वेळण्याची, कोकणातली पद्धत तांदळातले अर्सेनिक लक्षणीय कमी करते, अर्थात शिजवायचे पाणी स्वच्छ असेल तर. हातसडीच्या तांदळात अर्सेनिक जास्त असते, कारण ते कोंड्यात साठते. कॅडमियम दाण्यात आतपर्यंत पसरलेले असल्याने सडून, पॉलिश करून ते फारसे कमी होत नाही. त्यावर घरात करता येण्याजोगे एवढेच: भाज्यांत आणि त्या कुठून येतात यात पालट ठेवणे, आणि लोह, जस्त, कॅल्शियम कमी पडू न देणे.

जमिनीवरचे उपाय

दूषित माती शुद्ध करणे अवघड, तिला गप्प बसवणे तुलनेने सोपे. आम्लधर्मी जमिनीत चुना घालून सामू ६.५ च्या वर नेला, की कॅडमियमची विद्राव्यता घटते. चांगले कुजलेले शेणखत आणि कंपोस्ट धातूला बांधतात. जस्ताची कमतरता असलेल्या जमिनीत झिंक सल्फेट दिल्याने मुळाच्या दारी जस्ताची गर्दी होते आणि कॅडमियमला वाव कमी मिळतो. या उपायांनी साठा जात नाही. चुन्याचा परिणाम ओसरला आणि सामू पुन्हा उतरला, की धातू परत मोकळा होतो, म्हणून दर काही वर्षांनी तपासावे लागते. शेत फारच दूषित असेल, तर पालेभाजी सोडून फुले, कापूस यांसारखी खाण्यात किंवा चाऱ्यात न येणारी पिके घेणे हाच शहाणपणाचा मार्ग.

धातू शोषणाऱ्या वनस्पती लावून जमीन साफ करण्याच्या बातम्या वाचायला सुखद असतात. टेरिस व्हिटाटा हे नेचे अर्सेनिक भरमसाट साठवते हे २००१ मध्ये जाहीर झाले. भारतात ते ओलसर भिंतींच्या फटींतही उगवते. पण अशी झाडे लहान असतात किंवा सावकाश वाढतात, वर्षे जातात, आणि कापलेला पाला खतात किंवा जनावरांपुढे टाकता येत नाही. जपानने जिंझूच्या खोऱ्यात शेवटी मातीच बदलली. दूषित थर खाली गाडून त्यावर चांगली माती पसरण्याचे हे काम सुमारे ८६० हेक्टरांवर झाले आणि तीन दशकांहून अधिक काळ चालून २०१२ मध्ये संपले.

तपासणी

भारतात २०१५ पासून दिल्या जाणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ बाबी असतात. त्यांत जस्त, लोह, तांबे, मँगेनीज आहेत. कॅडमियम आणि शिसे नाहीत. त्यासाठी वेगळी तपासणी मागावी लागते. पण त्याच पत्रिकेतले सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब हे तीन आकडे धातू मोकळा राहील की बांधलेला, हे बरेचसे सांगतात. जस्त मोजण्यासाठी प्रयोगशाळा माती डीटीपीए नावाच्या द्रावणात ढवळतात. त्याच द्रावणात पिकाला मिळू शकणारे कॅडमियम आणि शिसेही उतरते, फक्त ते मोजणारे यंत्र हवे. सांडपाण्यावर भाजी घेणाऱ्याने मातीचा नमुना पाटाच्या तोंडाशी आणि शेताच्या दुसऱ्या टोकाशी, असा दोन ठिकाणांहून वेगवेगळा घ्यावा, सोबत पाण्याचा घ्यावा, आणि काढणीला आलेल्या पानांचा एक नमुना नीट धुऊन व एक न धुता द्यावा. त्या दोन पानांच्या आकड्यांतल्या फरकावरून धातू वरून बसला आहे की मुळातून आला आहे, हे कळते.